आगाऊ हात

दादाचा हात उठायचा, पण पडायचा नाही. ही गोष्ट घरात, गल्लीत आणि कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होती. माणूस तापट, राग कायम नाकाच्या शेंड्यावर. कुणी दारात गाडी आडवी लावली, कुणी एकच गोष्ट तिसऱ्यांदा विचारली, की दादाचा उजवा हात खांद्याच्या वर जायचा. पंजा उघडा, ताटलीएवढा. समोरचा डोकं खाली घालून वाकायचा आणि हात तिथेच हवेत अडायचा. मग दादा त्याच हाताने स्वतःची मान खाजवायचा आणि एखादी अस्सल शिवी हासडून विषय संपवायचा.

धाकटी ही त्याची एकुलती एक बहीण. ती कळायला लागल्यापासून त्या हाताखाली वाकत आणि हसत आली होती. वाकणं आपलं शास्त्रापुरतं.

त्या अडणाऱ्या हाताला कारण होता त्यांचा बाप. बापाचा हात उठायचा आणि पडायचाही. एकदा त्याने आईला भरल्या ताटावरून उठवून भिंतीवर आपटलं होतं, आणि तिच्या मनगटाचं हाड कातडीतून बाहेर आलेलं दोन्ही पोरांनी पाहिलं होतं. बाप मेला तेव्हा कुणी फारसं रडलं नाही. पण त्याचा राग दादाच्या रक्तात उतरला होता, तो काही खरवडून काढता येईना. म्हणून दादाने मधल्यामध्ये थांबायला शिकून घेतलं. कसं शिकला ते त्याने कुणाला सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

वहिनीची तऱ्हा निराळी. ती वाकायची नाही. नवी नवरी असताना पहिल्यांदा तो हात उठला तेव्हा तिने गाल पुढे केला, त्यावर बोट टेकवलं आणि म्हणाली, "मारा. इथे मारा. जागा दाखवून ठेवते, नेम चुकायला नको." दादाचा चेहरा असा काही पडला की धाकटीला हसून हसून ठसका लागला. तेव्हापासून तो घरातला खेळच होऊन बसला. हात उठायचा, गाल पुढे यायचा, दादा विरघळायचा. वीस वर्षं हा संसार याच खेळावर सुखाने चालला होता म्हटलं तरी चालेल.

दादा कारखान्यात हॅमरवरचा मिस्त्री होता. तापवून पिवळेधमक केलेले लोखंडाचे ठोकळे ऐरणीवर धरायचे आणि वरून हॅमर पडायचा. तो पडला की जमीन हादरायची, बाजूच्या टपरीतल्या कपबशा किणकिणायच्या. तिथली माणसं बोलायची नाहीत, ओरडायची. भांडणं रोजचीच. सांडशी उगारणं, कॉलर धरणं, एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरणं. दादा हात उगारून मध्ये उभा राहिला की दोन्ही बाजू गप्प व्हायच्या.

त्याच हॅमरने त्याचा हात खाल्ला. साचा बदलताना दादाने उजवा हात आत घातला होता आणि हॅमर सोडायच्या पेडलवर कुणाचा तरी पाय पडला. कुणाचा, ते शेवटपर्यंत बाहेर आलं नाही. वरचा साचा खाली आला. आवाज फार झाला नाही, कारण मध्ये लोखंड नव्हतं. हॅमर चालवणारा जागेवरच भोवळ येऊन कोसळला आणि दादा, कोपरापर्यंत यंत्रात अडकलेला, उभ्याउभ्या बाकीच्यांना सांगत होता की साचा वर कसा घ्यायचा, कुठला बोल्ट आधी सैल करायचा. साचा वर गेला तेव्हा खाली हात म्हणावं असं काही उरलं नव्हतं. ऐरणीवर एक लाल पातळ थर होता आणि त्यात लग्नातली अंगठी चपटी होऊन बसली होती. डॉक्टरांना हात कोपराच्या वरून कापावा लागला.

आणि नेमकी धाकटी होती हात बनवणाऱ्यांतली.

तिच्या प्रयोगशाळेत जे चाललं होतं ते दहा वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर लोकांनी वेड्यात काढलं असतं. दंडाच्या हाडात धातूचा खुंट रोवायचा आणि त्यावर हात बसवायचा. केसाहून बारीक धागे जिवंत मज्जातंतूत सोडायचे. काही महिन्यांत मज्जातंतू त्या धाग्यांना आपलं मानतो, त्यांच्याभोवती वाढतो. हाताचे स्नायू खास तंतूंचे पीळ होते, वीज मिळाली की आखडणारे, माणसाच्या स्नायूच्या पाचपट ताकदीचे. आणि मनगटाच्या आत नखाएवढी एक चकती. ती मेंदूकडून येणारा हुकूम वाचायला शिकायची. एकेका माणसाचा एकेक हुकूम, हळूहळू, तान्ह्या पोराने आईचा आवाज ओळखायला शिकावं तसं.

धाकटीने साहेबांच्या मागे लागून, प्रसंगी भांडून, दादाचं नाव यादीत घातलं. प्रयोगशाळेचे साहेब तसे भले गृहस्थ होते, पण नियमाचे पक्के. त्यांनी बजावलं, "तुझा भाऊ आहे म्हणून काही सूट मिळणार नाही." धाकटीने मान डोलावली. मान डोलवायला काय जातं.

हात बसला. दादा महिनाभर त्याच्याकडे पाहुण्यासारखा बघत राहिला. मग चमचा धरायला शिकला, बटण लावायला शिकला, वहिनीच्या वेणीला हिसका द्यायला शिकला. पण त्याचं एक गाऱ्हाणं होतं.

"हात चांगला आहे गं," तो म्हणायचा. "पण सरकारी आहे. मी सांगतो, मग हा विचार करतो, मग उठतो. तोवर माशी उडून जाते."

"दादा, पापणी लवायला लागतो त्याहून कमी वेळ लागतो त्याला."

"असेल. पण हॅमरखाली पापणी लवली की काय होतं ते मी बघितलंय. असा हात घेऊन मला भट्टीवर उभं करतील का? मग काय, आयुष्यभर बटणं लावत बसू?"

ते धाकटीच्या जिव्हारी लागलं. कारखान्याशिवाय दादा म्हणजे दाराशी बसलेलं एक चिडकं माणूस, हे तिने त्या महिन्यांत पाहिलं होतं. आणि उपाय तिच्या हातात होता. चकतीत एक सोय होती, प्रयोगशाळेतले लोक थट्टेने तिला आगाऊपणा म्हणायचे. हुकूम पुरता यायची वाट न बघता, त्याची नुसती सुरुवात दिसली की पुढचं ओळखून हात आधीच निघायचा. जितका आगाऊपणा वाढवाल तितका हात तरतरीत. एका खुणेच्या वर तो न्यायचा नाही, असा साहेबांचा नियम होता. का, ते त्यांनाही नीट सांगता येत नव्हतं. म्हणायचे, अजून पुरेसं बघितलेलं नाही.

खरं तर त्यांनी पुष्कळ बघितलं होतं. लोकांना चेंडू झेलायला लावले होते, कप उचलायला लावले होते, पिशवीला गुद्दे मारायला लावले होते. हात एकदाही चुकला नव्हता. पण यातलं प्रत्येक काम पुरं करायचं होतं. उचल आणि मध्येच सोडून दे, मार आणि मारू नकोस, असं काम त्या शहाण्या माणसांपैकी कुणाला सुचलं नाही. आणि धाकटीला तर सुचायलाच हवं होतं. जिने जन्मभर त्या हवेत अडणाऱ्या हाताखाली वाकून दाखवलं, तिला! पण तिच्या लेखी दादाचा हात कधी पडतच नसे, मग तो पडेल असं तिच्या डोक्यात येणार कुठून? नियम परक्यांसाठी असतात, तिने स्वतःला सांगितलं, आपल्या माणसाला आपण ओळखतो. एका दुपारी दादाला तपासणीला बोलावून तिने आगाऊपणा खुणेच्या कितीतरी वर नेला आणि ताकदीवरचा लगामही काढून टाकला.

दादाने टेबलावरचं पेन उचललं. परत ठेवलं. परत उचललं. मग त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आला," तो म्हणाला. "माझा हात परत आला गं."

कारखान्याने त्याला पुन्हा हॅमरवर घेतलं. दोन माणसांचा ठोकळा दादा एकटा पेलू लागला. माणसं शिट्ट्या मारायची. मग एक दिवस तापलेला ठोकळा सांडशीतून निसटला आणि दादाचा जुना मित्र, सगळे त्याला मामा म्हणायचे, त्याच्या पोटाच्या रोखाने उसळला. दादाच्या हाताने मामाला बाजूला लोटलं. मामा उडून मागच्या लोखंडी मांडणीवर आदळला. तीन बरगड्या मोडल्या, एक फुप्फुसात घुसली, तोंडातून फेसाळ रक्त यायला लागलं. पण ठोकळा जिथे पडला तिथली फरशी फुटून काळी पडली होती. मामाचा जीव वाचला, हे सगळ्यांना दिसत होतं. दवाखान्यात मामा नाकात नळ्या घालून म्हणाला, "साल्या, जरा हळू वाचवायचं होतंस."

दादा हसला नाही. त्या संध्याकाळी तो धाकटीला म्हणाला, "एक सांगू? मी लोटलं नाही त्याला."

"म्हणजे?"

"लोटायचं नुसतं मनात आलं होतं. मी अजून ठरवत होतो, लोटू की ओढू. ओढलं असतं तर बरगड्या मोडल्या नसत्या."

"ठरवत बसला असतास तर मामा मेला असता," धाकटी म्हणाली. खरं सांगायचं तर तिला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. मनात आलं आणि झालं! यासाठीच तर सगळी धडपड होती. दुसऱ्या दिवशी तिने मैत्रिणींना ती गोष्ट रंगवून सांगितली, खुणेचा भाग तेवढा गाळून. दादाचा चेहरा तिने पाहिला होता, पण त्यातलं काही वाचलं नाही.

पुढच्या रविवारी ती दादाकडे जेवायला गेली. जेवणं उरकत आली होती, उन्हं खिडकीतून थेट टेबलावर आली होती, वहिनी रंगात होती. ऑपरेशनच्या आधी दादा भुलीच्या इंजेक्शनला कसा घाबरला, त्याची नक्कल चालली होती. वहिनीची नक्कल म्हणजे जीव ओवाळून टाकावा अशी. "डॉक्टर, सुई जरा लहान नाही का?" ती दादाच्या घोगऱ्या आवाजात म्हणाली. "हात काय, न्या तुम्ही, पण सुई नको!"

"पुरे," दादा म्हणाला.

"अगं धाकटे, नर्सचा हात धरून ठेवला होता यांनी. तिला म्हणाले, ताई, जाऊ नका."

"पुरे म्हटलं ना!"

हात उठला. धाकटीने सवयीने मान खाली घातली, तोंडात घास तसाच, हसू आवरत. तिला वहिनीचा आवाज ऐकू आला, "मारा. इथे मारा."

मग जो आवाज झाला तो धाकटीने आधी कधी ऐकला नव्हता. ओलं लाकूड मोडावं तसा. टेबल हललं, पेला फुटला. तिने मान वर केली तेव्हा वहिनी खुर्चीत नव्हती. ती खुर्चीसकट मागच्या कपाटावर जाऊन आदळली होती आणि खाली बसली होती, पाय पुढे पसरून. तिचा चेहरा एका बाजूला भलतीकडेच गेला होता. खालचा जबडा सुटून गळ्याकडे लोंबत होता, दातांच्या दोन ओळी एकमेकींना भेटत नव्हत्या. रक्त तोंडातून, नाकातून, कानातून. डाव्या डोळ्याचं पांढरं लाल होत होत पार काळपट झालं. गाल पुढे करताना टेकवलेलं बोट उलटं वाकून मनगटाला लागलं होतं. आणि ती दादाकडे बघत होती. रडत नव्हती, ओरडत नव्हती. तिला अजून खरंच वाटत नव्हतं.

दादाचा उजवा हात परत त्याच्या मांडीवर येऊन बसला होता, जसा काही झालंच नाही. बोटांवर एक दात चिकटला होता.

"मी नाही," दादा म्हणाला. मग तो उठला, मागे सरकला, भिंतीला टेकला. "मी नाही. मी थांबवत होतो. धाकटे, मी थांबवत होतो!" तो डाव्या हाताने उजव्या हाताला मारायला लागला, मनगटावर, कोपरावर, दाराच्या चौकटीवर आपटायला लागला, आणि त्याच्या तोंडून जनावरासारखा आवाज निघत होता. शेजारी धावून आले. कुणी तरी दादाला धरायला गेलं, तसा तो ओरडला, "जवळ येऊ नका! मला हात लावू नका!" आणि सगळ्यांना चुकवून जिन्यावरून खाली पळाला.

शेजाऱ्यांनी वहिनीला उचलून गाडीकडे न्यायला सुरुवात केली. धाकटी तिच्या डोक्याखाली हात देऊन चालली होती. जिन्याच्या वळणावर वहिनीने शाबूत हाताने तिच्या खांद्याला धक्का दिला. बोलता येत नव्हतं, पण डोळ्यांनी ती रस्त्याकडे दाखवत होती, दादा गेला तिकडे. परत एकदा धक्का दिला, जोरात.

धाकटी धावली. दादा कुठे जाणार हे तिला कुणाला न विचारता कळत होतं.

रविवारचा कारखाना रिकामा होता. किल्ली दादाकडेच असायची. भट्टी राखेखाली धुमसत होती, उंच झरोक्यांतून ऊन आत आलं होतं, आणि हॅमर चालू होता. दादा पेडलवर पाय ठेवून उभा होता. त्याने उजवा हात ऐरणीवर ठेवला, दात आवळले, पेडल दाबलं. हॅमर खाली आला आणि त्याच्या आधीच हात बाजूला झालेला होता. रिकाम्या ऐरणीवर हॅमर आदळला, धाकटीच्या पायाखालची जमीन हादरली. दादाने परत हात ठेवला. परत पेडल. परत हात आधीच बाहेर. तिसऱ्यांदा त्याने हाताला साखळीचा वेढा घालून ऐरणीला बांधलं आणि पेडल दाबलं. साखळी तुटून तिची कडी त्याच्या कपाळाला लागली. रक्त डोळ्यात उतरलं.

"दादा!"

"ऐकत नाही हा!" दादा ओरडला. "माझ्यातलं भ्यालेलं तेवढं ऐकतो! मी म्हणतो राहा, आणि हा पळतो!"

धाकटी थिजली. तिला त्या क्षणी सगळं कळलं, आणि इतकं उशिरा कळलं याची तिला स्वतःचीच किळस आली. हात फक्त पहिलं ऐकत होता. मनात पहिलं जे येतं ते. हॅमर दिसला की पहिली येते भीती, मग धीर. राग आला की पहिला येतो हात, मग माणूस. दादाने जन्मभर जे कमावलं ते सगळं दुसरं होतं, आणि तिने आपल्या हाताने ते दुसरं छाटून टाकलं होतं.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "दादा, मी आगाऊपणा वाढवला होता. नियम मोडून वाढवला. तू नाही मारलंस. मी सांगेन सगळ्यांना. पोलिसांना सांगेन, साहेबांना सांगेन. पण हा हात आता मोडू नकोस. यातच पुरावा आहे."

"पुरावा?" दादा तिच्याकडे वळला. "कशाचा पुरावा? माझ्या मनात नव्हतं, याचा?"

धाकटीने ऐरणीवरच्या तुटलेल्या साखळीकडे पाहिलं.

"बोल ना. तू शिकलेली आहेस. मनात नसताना हात हलतो का हा?"

"नाही."

"म्हणजे होतं. बाबांसारखंच. तिच्यावर, तुझ्यावर, दर वेळी. मला वाटायचं मी गंमत करतो." त्याचा आवाज चिरका झाला. "पेडल दाब. तू दाब. मी डोळे मिटतो."

"नाही दाबणार."

"दाब म्हणतो ना!"

"नाही!"

आणि दादाला राग आला. तो येतो आहे हे दोघांनाही दिसलं. हात उठला, आणि या खेपेला धाकटी वाकली नाही, कारण तिचे पाय जमिनीला खिळले होते. हात निघाला तिच्या डोक्याच्या रोखाने, आणि त्याच वेळी दादाने आपलं सगळं अंग मध्ये घातलं. डावा हात त्याने त्या लोखंडी पंजाच्या पुढे आडवा केला. मनगट मोडल्याचा आवाज आला. पंजा थांबला नाही, डावा हात घेऊनच पुढे आला, पण त्याची वाट बदलली आणि तो धाकटीच्या कानाशेजारून जाऊन हॅमरच्या खांबावर बसला. दादा दोन हातांच्या मध्ये अडकून खाली पडला. डाव्या मनगटातून हाड बाहेर आलं होतं.

धाकटी त्याच्या अंगावर पडली. दंडाच्या खोबणीत मनगटातली चकती बंद करायची कळ होती, दोन बोटांनी दाबून फिरवायची. तिने ती दाबली, फिरवली, आणि हात मेला. ती दादाच्या छातीवर डोकं ठेवून हुंदके देत राहिली.

"बघ," ती म्हणत होती, "थांबवलंस की नाही. दादा, बघ तू. थांबवलंस."

दादा वर छताकडे बघत होता. तिचं बोलणं त्याच्यापर्यंत पोचत होतं की नाही, देव जाणे.

तिने शब्द पाळला. साहेबांना सगळं सांगितलं. साहेब आधी तिच्यावर ओरडले, मग म्हणाले की बाहेर बोलण्याआधी हात प्रयोगशाळेत आणून आगाऊपणा खुणेखाली उतरवून ठेवू. ती म्हणाली, "साहेब, माझ्या भावाच्या हाताला आता तुम्ही हात लावायचा नाही." हात काढला गेला तो पोलिसांसमोर, आणि तिची नोकरी गेली. त्याचं तिला काही वाटलं नाही. पण पोलीस वहिनीच्या जबानीसाठी थांबले होते, आणि दादा एकही शब्द बोलत नव्हता. दवाखान्याच्या फाटकाजवळच्या बाकावर तो दिवस दिवस बसून राहायचा, उजवी बाही रिकामी, डावा हात प्लास्टरमध्ये. कुणी तरी त्याला घास भरवायचं. वर वहिनीच्या खोलीत तो यायचा नाही.

वहिनीचा जबडा तारांनी बांधला होता. डावा डोळा गेला. ती शुद्धीवर आली तेव्हा तिने धाकटीचा फोन मागून घेतला आणि एका बोटाने टाइप केलं: यांच्या मनात होतं का?

धाकटीने सगळे शब्द तयार ठेवले होते. चकती, आगाऊपणा, माझा गुन्हा, त्याचा काही दोष नाही. त्या एका डोळ्यासमोर यातलं काही तिच्या तोंडून निघेना.

"होतं," ती म्हणाली. "दर वेळी असायचं, वहिनी. आणि दर वेळी तो थांबवायचा. या वेळी मी त्याला थांबू दिलं नाही."

वहिनीने फोन मांडीवर जवळ ओढला. मग तिचं बोट पुन्हा फोनवर चालायला लागलं, चुका करत, खोडत: दर वेळी मीही भ्यायचे. मी काय बिनधास्त होते? गाल पुढे करायला किती जोर लागायचा, तुम्हाला काय माहीत. धाकटीने वाचलं आणि तिचा हात धरला. वहिनीने तो सोडवून घेतला, कारण तिला अजून लिहायचं होतं. लिहिलं: त्यांना वर आण.

दादा यायला तयार नव्हता. धाकटीने त्याला बाकावरून अक्षरशः ओढून उठवलं. "ती बोलावतेय. तिला सगळं कळलंय, दादा. तरी बोलावतेय." जिन्यात तो तीनदा थांबला. खोलीच्या दाराशी आला, आणि मान वर केली.

वहिनी त्याचीच वाट बघत होती. पण तो दारात दिसला मात्र, तिचं अंग आपसूक मागे गेलं. टाचा गादीत रुतल्या, पाठ भिंतीला जाऊन भिडली, मोडलेल्या बोटाचा हात तोंडासमोर आला. तिने ते केलं नव्हतं. ते झालं होतं.

दादाने ते पाहिलं. त्याने सावकाश मान डोलावली आणि तो मागे वळला.

"थांब!" धाकटी ओरडली. "दादा, थांब, हे तिचं पहिलं आहे, दुसरं येऊ दे!" वहिनीने तोवर तोंडासमोरचा हात खाली घेतला होता, तो पुढे केला होता, बोटं त्याच्याकडे. ती त्याला हाक मारत होती. पण जबडा तारांनी बांधलेला होता आणि घशातून जो आवाज निघाला तो हाकेसारखा नव्हता, कुणाला तरी दुखतंय असा होता. दादाने तो पाठमोरा ऐकला आणि तो पायऱ्या उतरत गेला.

धाकटी खाली पोचली तेव्हा दादा दवाखान्यातल्या पोलीस चौकीत टेबलासमोर उभा होता. "मी मारलं," तो सांगत होता. "रागाने मारलं. बहिणीचं काही ऐकू नका, ती मला वाचवायला बघते. माझ्या मनात होतं." हवालदाराने लिहून घेतलं होतं. सही करायला हात नव्हता. प्लास्टरमधून बाहेर आलेला डाव्या हाताचा अंगठा हवालदाराने शाईत बुडवला आणि कागदावर दाबला. धाकटी ओरडली, रडली, टेबलावर हात आपटले. दादा तिला म्हणाला, "वर जा. ती एकटी आहे."

ती वर गेली. काय सांगायचं ते तिने जिन्यात ठरवलं नव्हतं. वहिनी पलंगाच्या एका कडेला सरकून बसली होती. उरलेल्या जागेवरची चादर तिने हाताने नीट केली होती आणि उशी उभी करून भिंतीला टेकवली होती, त्याला पाठ टेकता यावी म्हणून. धाकटीला एकटीला आलेलं पाहून तिने तिच्या मागे दाराकडे बघितलं, आणि बघत राहिली.